ग्रामसभेतल्या चर्चेचं मूल्यमापन : 'उत्तम / मध्यम / साधारण' याच्या पुढे काय?

तांबडीमाती
नमस्कार. एका तालुक्यातल्या बारा ग्रामपंचायतींच्या ग्रामसभा वर्षभर पाहून त्यांचं मूल्यमापन करायचं आहे. हाती आलेल्या नमुन्यात पाच रकाने आहेत : एकूण हजेरी, महिलांची हजेरी, मंजूर ठराव, सभा किती वेळ चालली, आणि 'चर्चेचा दर्जा : उत्तम / मध्यम / साधारण'. पहिले चार कसेही भरता येतील. पाचव्यात प्रत्येक निरीक्षक मनाला येईल ते लिहिणार. चर्चेचा दर्जा मोजायची धड रीत कोणती? माणसं किती लागतील? निष्कर्ष गावापुढेच ठेवायचे आहेत, तेव्हा प्रबंधछाप आकडेमोड नको.

प्रोसिडिंगबुक
पाचव्या रकान्याआधी पहिला बघा. तोही दिसतो तितका सरळ नाही.

कोरम म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी : एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतलं जे कमी असेल ते. याचा अर्थ ६६७ पासून पुढे मतदार असलेल्या प्रत्येक गावाला १०० माणसं पुरतात. तीन हजार मतदारांच्या गावात ते ३.३ टक्के झाले. 'कोरम पूर्ण : होय' या नोंदीवरून लहान आणि मोठ्या गावाची तुलना होऊच शकत नाही. शिवाय कोरमअभावी तहकूब झालेली सभा परत भरते तेव्हा कोरमची अट राहत नाही. तहकूब सभांचा हिशेब वेगळा ठेवा, नाहीतर सरासरी बिघडते.

दुसरं, वहीतल्या सह्या म्हणजे हजेरी नव्हे. सह्या सभेनंतरही गोळा होतात. डोकी मोजा, आणि तीनदा मोजा : सभा सुरू होताना, पाऊण तासाने, आणि ज्या ठरावात सर्वांत जास्त पैसा अडकला आहे तो मांडला जातो तेव्हा. घरकुलाची किंवा कुठल्याही लाभार्थ्यांची यादी वाचून झाली की सभा निम्मी उठते. त्यानंतरचे ठराव उरलेल्या तीस-चाळीस माणसांत होतात आणि इतिवृत्तात मात्र सुरुवातीचीच हजेरी राहते. म्हणून विषय क्रमांक आणि त्या वेळची डोकी एकाच ओळीत लिहा. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या सभांना झेंडावंदनाला आलेली शाळेची पोरं बसलेली असतात, ती मोजायची नाहीत.

नोटीस सभेच्या सात दिवस आधी लागली का, तिच्यावर विषय लिहिले होते का की फक्त 'ग्रामसभा आहे', वाड्या-वस्त्यांवर दवंडी फिरली का, हे सभेच्या आधी जाऊन बघायचं. सभेच्या दिवशी विचारलंत तर सगळं झालेलंच असतं. आणि मुख्य ग्रामसभेआधी महिलांची सभा व्हायला हवी. ती झाली का एवढ्यावर थांबू नका. तिच्यातले ठराव मुख्य सभेत वाचून दाखवले का, ते पाहा.

अनुमोदक
+१. तिसऱ्या रकान्याबद्दलही बोला कोणीतरी. ठरावांची संख्या जास्त म्हणजे सभा चांगली, हे कोणी ठरवलं? वीस मिनिटांत चौदा ठराव मंजूर होतात ते चर्चा न झाल्यामुळेच.

रानजाई
मी तर म्हणेन की पाचही रकाने बाजूला ठेवून एकच गोष्ट मोजायची असेल तर ती ही : मांडलेल्या मुद्द्याचं पुढे काय झालं. किती जण आले, किती बोलले, किती छान बोलले, हे सगळं त्यानंतर.

मुद्द्यांची नोंदवही करा. रकाने असे : क्रमांक, वेळ, मुद्दा पाच-सात शब्दांत, मांडणाऱ्याचा गट (नाव लिहायचं नाही; 'वरची वाडी, स्त्री' एवढं पुरे), विषयपत्रिकेवर होता का, काय उत्तर मिळालं, इतिवृत्तात आला का, पुढच्या सभेपर्यंत काय झालं. शेवटचे दोन रकाने सभेत कोरे राहतात, ते नंतर भरायचे.

उत्तराला खुणा द्या :
० : उत्तरच नाही, किंवा विषय बदलला
१ : 'बघू', 'वर कळवतो', 'पुढच्या वेळी घेऊ'
२ : माहिती दिली (निधी किती आला, फाइल कुठे अडली), किंवा कारण देऊन स्पष्ट नकार दिला
३ : कोण करणार, काय करणार, कधीपर्यंत, हे तिन्ही सांगितलं
४ : ठराव झाला, सूचक आणि अनुमोदकासह

इथे निरीक्षक हमखास दोन ठिकाणी अडखळतात. 'ग्रामसेवक पुढच्या महिन्यात करतील' याला ३ देतात. त्यात 'काय' कुठे आहे? तो १. दुसरं म्हणजे स्पष्ट नकाराला ० देतात. 'ही विहीर खासगी जागेत आहे, तिच्यावर पंचायतीला खर्च करता येत नाही' हे पूर्ण उत्तर आहे, मांडणाऱ्याला ते आवडो न आवडो. तो २.

आणि कृपा करून या खुणांची सरासरी काढू नका! या पायऱ्या नाहीत. ४ हा ३ पेक्षा चांगला असेलच असं नाही. कोण करणार हे न ठरवता केलेला ठराव वहीतच राहतो. प्रत्येक खुणेचे किती, एवढंच सांगायचं.

उदाहरणादाखल मनचे आकडे घेते. एका सभेत २४ मुद्दे आले : ० चे ७, १ चे ९, २ चे ४, ३ चा १, ४ चे ३. इतिवृत्तात सहाच उतरले. गावापुढे सांगायचं वाक्य तयार झालं : 'चोवीसपैकी सोळा मुद्द्यांना काहीच धड उत्तर मिळालं नाही आणि अठरा मुद्दे कागदावर आलेच नाहीत.' याला 'मध्यम' म्हणा की 'साधारण', गावाला कळायचं ते कळलं.

शून्यमुद्रा
रानजाई यांची नोंदवही उत्तम आहे, पण धागाकर्त्यांनी 'रीत कोणती' असं विचारलंय म्हणून पुस्तकी रीती थोडक्यात.

जुनी आणि अजून वापरात असलेली एक म्हणजे रॉबर्ट बेल्स यांची, १९५० ची. गटातलं प्रत्येक विधान बारा खणांपैकी एकात टाकायचं. तीन खण जिव्हाळ्याचे (पाठिंबा, ताण हलका करणं, सहमती), तीन देण्याचे (सूचना, मत, माहिती), तीन विचारण्याचे (माहिती, मत, सूचना), तीन विरोधाचे (असहमती, ताण, वैर). सहा-आठ माणसांच्या समितीला झकास. ग्रामपंचायतीची मासिक सभा, पाणी समिती, शाळा व्यवस्थापन समिती इथे जरूर वापरा. दीडशे माणसांच्या ग्रामसभेत एकाच वेळी चौघं बोलतात, तिथे बारा खण भरायला हात पुरत नाहीत.

दुसरी म्हणजे २००३ मध्ये स्टीनबर्गन, बॅख्टिगर, स्पॉर्न्डली आणि स्टायनर यांनी मांडलेला चर्चा-गुणवत्ता निर्देशांक. त्यात पाहतात ते असं : बोलणाऱ्याला मध्येच तोडलं का, मागणीला कारण दिलं का आणि ते किती नीट जोडलं, कारण स्वतःच्या गटाच्या हिताचं होतं की सगळ्यांच्या, समोरच्या गटाबद्दल आणि त्याच्या मुद्द्यांबद्दल आदर दिसला का, आणि कोणी मधला मार्ग सुचवला का. कारणाच्या दर्जाला ० ते ३ गुण.

अडचण अशी की हे माप संसदेतल्या भाषणांसाठी बेतलेलं आहे. 'सहा दिवस झाले, नळाला पाणी नाही' या वाक्यात 'कारण की' नाही, 'म्हणून' नाही. निर्देशांक त्याला ० देतो. आणि माइक धरून दहा मिनिटं 'विकासाच्या दृष्टिकोनातून' बोलणाऱ्याला ३ मिळतात. आंधळेपणाने लावलंत तर शिकलेल्यांची सभा चांगली आणि मजुरांची वाईट, असाच निकाल येणार.

त्यातले दोनच प्रश्न उचला. मंचावरच्यांनी निर्णयाला कारण दिलं का? आणि वाद झाला तेव्हा तिसरा पर्याय कोणी मांडला का? कारणाची अपेक्षा ज्याच्या हाती अधिकार आहे त्याच्याकडून करायची. तक्रार घेऊन आलेल्याकडून नाही.

कासवगती
शेवटचं वाक्य फ्रेम करून लावण्यासारखं.

बोलण्याच्या वाटणीबद्दल. आधी मंच आणि समोर असे दोन भाग पाडा. सरपंच, ग्रामसेवक, तलाठी, कृषी सहायक, पाहुणे हे सगळे मंच. दोन स्टॉपवॉच घ्या, एक मंचासाठी, एक समोरच्यांसाठी, मोबाइलवरची चालतात. बहुतेक ठिकाणी इथेच अर्धा निकाल लागतो. त्यानंतर समोरच्यांच्या वेळेत बायकांचा वाटा काढा.

नुसता वाटा सांगू नका, त्याला हजेरीच्या वाट्याने भागा. हजेरीत बायका ४० टक्के आणि बोलण्यात १२ टक्के, तर ०.३. हजेरीत १५ टक्के आणि बोलण्यात १२, तर ०.८. दोन्ही गावांत 'महिलांचं बोलणं १२ टक्के' लिहिलंत तर खरा फरक झाकला जातो. हाच भागाकार वस्तीवार करता येतो, त्यासाठी कोणत्या वस्तीचे लोक कुठे बसलेत त्याचा कच्चा नकाशा सभा सुरू होतानाच काढून ठेवावा लागतो.

मात्र बोलण्याची वेळ म्हणजे सगळं नव्हे, हे रानजाई म्हणाल्याच. तमिळनाडूतल्या ग्रामसभांच्या शब्दशः नोंदींवर पार्थसारथी, राव आणि पलानीस्वामी यांचा २०१९ चा अभ्यास आहे. त्यात बायका कमी बोलतात, हे दिसलंच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांनी काढलेल्या विषयावर चर्चा पुढे सरकण्याची आणि त्यांना मुद्द्याला धरून उत्तर मिळण्याची शक्यताही कमी होती. आणि जिथे पंचायतीची प्रमुख स्त्री होती तिथे बायकांना उत्तर मिळण्याचं प्रमाण सुधारलेलं दिसलं. हे सगळं निव्वळ स्टॉपवॉचने दिसलं नसतं. म्हणून मुद्द्यांच्या वहीतला 'मांडणाऱ्याचा गट' हा रकाना अजिबात गाळू नका. उत्तराच्या खुणा गटवार वेगळ्या काढल्या की हाच प्रश्न तुमच्या बारा गावांना विचारता येतो.

अनुमोदक
'सर्वानुमते मंजूर' याचं काय करायचं? प्रत्येक ठरावाखाली तेच असतं.

प्रोसिडिंगबुक
ठरावाआधी विरोधाचे किती आवाज ऐकू आले ते निरीक्षकाने लिहायचं, आणि नंतर इतिवृत्ताशी ताडायचं. ऐकले पाच, कागदावर 'सर्वानुमते', अशी जितकी प्रकरणं तितकी वेगळी मोजा. हात वर करून मतदान झालं का, की 'मंजूर ना? मंजूर!' असा एकच पुकारा झाला, तेही लिहा. पुकारा आणि पुढचा विषय यांत पाच सेकंदांचीही फट नसेल तर संमती विचारली असं धरू नका.

मोहफूल
इथे जरा थांबा. एकमत दिसलं की ते बनावटच, असं गृहीत धरू नका. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) गाव सर्वसहमतीनेच निर्णय घेतं. तिथे सहमती न झालेला विषय बहुमताने ढकलत नाहीत, पुन्हा चर्चेला घेतात. त्याआधी अभ्यासगटात त्याची उलटसुलट चर्चा होते, आणि अभ्यासगटात निर्णय घ्यायचा नसतो. अशा गावात तुम्ही ग्रामसभेचे दोन तास मोजलेत तर विरोध शून्य, चर्चा थोडी, असंच दिसेल. कारण वाद आधीच होऊन गेलेला असतो. तेव्हा 'हा विषय याआधी कुठे-कुठे आणि किती वेळा बोलला गेला' असा एक रकाना हवा. बहुमत आणि सर्वसहमती या दोन पद्धतींच्या सभा एका मापाने मोजू नका.

वनहक्क कायद्याखाली भरणाऱ्या ग्रामसभेचं गणितही निराळं आहे, तेही लक्षात असू द्या. २०१२ च्या सुधारित नियमांनुसार तिथे किमान निम्मे सदस्य हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया. पंचायतीच्या सभेचा तक्ता तसाच उचलून तिथे लावता येत नाही.

कासवगती
निर्णयाच्या नियमाचा परिणाम प्रयोगातही दिसलाय. अमेरिकेत कार्पोविट्झ, मेंडेलबर्ग आणि शेकर यांनी पाच-पाच जणांचे गट बसवले, २०१२ चा अभ्यास. बहुमताचा नियम असताना गटात बायका थोड्या असल्या की त्या आपल्या वाट्यापेक्षा बऱ्याच कमी बोलल्या. एकमताची अट घातली की ही दरी कमी झाली. पाच जणांवरून दीडशेंवर उडी मारता येत नाही, पण निर्णय कशाने झाला हे नोंदवायला एवढं कारण पुरे.

चिवडाप्रेमी
हेच आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला लावता येईल का? सप्टेंबर तोंडावर आलाय. मोजायला गेलं तर खुर्च्या, समोसे आणि पार्किंग एवढंच भरेल. 😀

रानजाई
येईल की. मुद्द्यांची वही जशीच्या तशी. फक्त गट बदला : मालक, भाडेकरू ठेवून बाहेर राहणारे मालक, आजी-माजी पदाधिकारी. आणि ऐनवेळच्या विषयांत किती पैशांचे निर्णय झाले, ते वेगळं काढा.

शून्यमुद्रा
आता निरीक्षकांची तपासणी. हे टाळलंत तर वरचं सगळं पाण्यात.

पहिल्या सभेत दोघांनी एकमेकांशी न बोलता तीच वही भरायची. मग जुळणी. इथे लोक टक्के काढून खूश होतात, तिथेच फसतात. समजा १०० विधानं, प्रश्न एकच : कारण दिलं की नाही. दोघांनी 'नाही' म्हटलेली ७०, दोघांनी 'हो' म्हटलेली १०, बाकी २० वर मतभेद (पहिल्याचं 'हो', दुसऱ्याचं 'नाही' अशी १२, उलट ८). जुळणी ८० टक्के. छान? नाही. पहिल्याचे 'हो' २२, दुसऱ्याचे १८. दोघांनी डोळे मिटून याच प्रमाणात खुणा केल्या असत्या तरी ०.२२ × ०.१८ + ०.७८ × ०.८२ म्हणजे सुमारे ६८ टक्के जुळणी आपोआप झाली असती. योगायोगापलीकडची जुळणी (८० − ६८) ÷ (१०० − ६८), म्हणजे ०.३८ च्या आसपास. हा कोहेन यांचा कॅप्पा, १९६० पासून चालत आलेला. ०.६ च्या खाली असेल तर माणसांना दोष देऊ नका. खुणांच्या व्याख्या ढिल्या आहेत असं समजा. मतभेद झालेली वीस विधानं समोर घेऊन बसा, व्याख्येत एकेक ओळ वाढवा, आणि दुसऱ्या सभेवर परत तपासा. गावाला हा आकडा दाखवायची गरज नाही, तुम्हाला हवा.

तांबडीमाती
हे कळलं, धन्यवाद. माणसं किती धरू? आणि रेकॉर्डिंग करावं का?

प्रोसिडिंगबुक
एका सभेला तिघं. एक मुद्द्यांच्या वहीवर, एक दोन घड्याळं आणि डोकी यांवर, तिसरा मागे उभा राहणारा. तिसरा सर्वांत महत्त्वाचा, कारण मागच्या रांगेत आणि दाराबाहेर जे बोललं जातं ते मंचापर्यंत पोहोचतच नाही. त्याने फक्त 'मागे उठलेले पण पुढे न पोहोचलेले मुद्दे' लिहायचे. तिघांपैकी किमान एक बाई हवी, आणि ती बायकांच्या बाजूला बसलेली हवी. तिघांपैकी कोणीही त्याच गावचं नको.

रेकॉर्डिंग करायचं तर सभेच्या सुरुवातीला विचारून, आणि परवानगीची नोंद इतिवृत्तात घेऊन. मंचाजवळ ठेवलेल्या एकाच फोनवर भिस्त ठेवू नका. त्यात लाउडस्पीकरचा घुमारा येतो आणि समोरच्यांचं बोलणं 'गलका' म्हणूनच उरतं. दोन फोन समोरच्या गर्दीत, स्पीकरच्या तोंडापासून लांब, जमिनीवर नको, खुर्चीवर. पत्र्याची शेड आणि पाऊस असेल तर रेकॉर्डिंग विसरा. ध्वनिमुद्रणावरून वही भरायला सभेच्या वेळेच्या तीन-चार पट वेळ धरा. म्हणून वही जागेवरच भरायची. ध्वनिमुद्रण फक्त वादाच्या जागा तपासायला.

पाहुणे वह्या घेऊन बसलेत म्हटल्यावर पहिल्या सभेत मंच जास्त अदबीने वागतो. पहिली सभा सरावाची धरा, निष्कर्षात घेऊ नका. वर्षाला किमान चार सभा व्हायच्या असतात, म्हणजे तुमच्या हाती तीन उरतात.

मोहफूल
ज्यांनी तोंडच उघडलं नाही त्यांचं काय? ते गप्प होते कारण पटलं होतं, की हिंमत झाली नाही, हे बाहेरून बघून कळणार नाही. त्यांनाच विचारावं लागतं. सभेच्या शेवटी चिठ्ठ्या नकोत, लिहिता न येणारे गळतात आणि लिहिणाऱ्यांचं अक्षर ओळखू येतं. चिंचोके वापरा. प्रत्येकाला तीन चिंचोके, दाराशी आडोसा करून तीन प्रश्नांची तीन जोडी मडकी, 'हो'च्या मडक्यावर सूर्याचं चित्र, 'नाही'च्या मडक्यावर छत्रीचं. मडकी तोंडाला फडकं बांधलेली, नाहीतर आत कशाचा ढीग मोठा आहे ते बघून लोक टाकतात.

प्रश्न असे : जे बोलायचं होतं ते बोलता आलं का? शेवटी काय ठरलं ते कळलं का? पुढच्या सभेला यावंसं वाटतं का? दुसरा प्रश्न साधा वाटेल, पण मंजूर झालेल्या ठरावाबद्दल 'काय ठरलं ते कळलं नाही' असं निम्म्यांनी सांगितलं तर त्या ठरावाची चर्चा झाली असं म्हणवणार नाही. बायकांसाठी वेगळ्या रंगाची मडकी म्हणजे मोजणी वेगळी होते. सरपंच किंवा सदस्य दाराशी उभे नसावेत, हे आधीच ठरवून घ्या. अर्ध्यातून उठून गेलेले यात सुटतात. त्यांच्यातल्या आठ-दहा जणांना दुसऱ्या दिवशी घरी जाऊन एवढंच विचारायचं, कुठल्या विषयाला उठलात आणि का.

अनुमोदक
गावापुढे मांडताना बारा गावांची क्रमवारी लावू नका. पहिला-दुसरा नंबर म्हटलं की पुढच्या सभेला हजेरीची जमवाजमव सुरू होते आणि बाकी सगळं बाजूला पडतं. त्याच गावाची मागची सभा आणि ही सभा, एवढीच तुलना.

रानजाई
सहमत. आणि मांडणी पुढच्या ग्रामसभेतच, मागचं इतिवृत्त वाचून कायम करायच्या वेळी. तेव्हा तुमची वही आणि पंचायतीचं इतिवृत्त शेजारी-शेजारी असतं, सुटलेले मुद्दे तिथल्या तिथे वाचता येतात आणि दुरुस्ती सुचवणारा गावकरीच असतो, तुम्ही नाही. त्यासाठी इतिवृत्ताची प्रत आधी हातात हवी. ती सभेनंतर आठवडाभरात साध्या अर्जाने मागा. मिळाली नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाका. तिथे तीस दिवसांची मुदत आहे, त्यामुळे १ मे च्या सभेची प्रत १५ ऑगस्टच्या आत मिळते. १५ ऑगस्टची प्रत २ ऑक्टोबरच्या आत मिळवायला मात्र अर्ज ऑगस्ट संपायच्या आत गेला पाहिजे.